तलाठी, ग्रामसेवक, तहसीलदार, बीडीओ… नक्की कोण कुणाचा साहेब?

नाइलाजाने_पुणेकर
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून इथे विचारतोय. गावच्या घराची डागडुजी करायचीय, लोनसाठी बँकेने कागदांची यादी दिली, त्यात एक "आठचा उतारा". सुट्टी टाकून गावी गेलो, तलाठ्यांकडून आठ अ काढला, बँकेत दिला, तर तिथला माणूस म्हणतो हा नाही हो, घराचा पाहिजे. परत गावी. तलाठी म्हणाले घराचं माझ्याकडे काही नसतं, भाऊसाहेबांकडे जा. (आमच्याकडे दोघांनाही भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे अर्धा तास कुणाबद्दल बोलणं चाललंय तेच कळत नव्हतं.) ग्रामपंचायतीत शिपाई एकटाच, ग्रामसेवक म्हणे पंचायत समितीत मिटिंगला. तालुक्याला गेलोच होतो तर तहसीलमध्ये तक्रार द्यावी म्हटलं, तिथल्या क्लार्कने अर्ज वरवर वाचला आणि तसाच परत केला, "हे आमच्यात येत नाही, बीडीओंकडे द्या" (म्हणजे पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे). दोन्ही ऑफिसं एकाच रस्त्यावर, मधे फक्त एक झेरॉक्सचं दुकान, धंदा त्याचाच झाला.

तर प्रश्न असे की एका तालुक्याला दोन दोन साहेब कशाला? थेट कलेक्टरला मेल टाकला तर काम होईल का? आणि घर अजून वडिलांच्या नावावर आहे, ते वारले 2 वर्षांपूर्वी, नाव कुठे बदलायचं?

रिटायर्ड_विस्तार_अधिकारी
तुम्ही एकटे नाही हो, माझी उभी नोकरी लोकांना हेच सांगण्यात गेली. सोपं करून सांगतो. जिल्हा एकच, पण त्यात दोन जिने आहेत. एक महसूलचा: तलाठी, त्यावर मंडळ अधिकारी (सर्कल), मग तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), कलेक्टर, आणि वर विभागीय आयुक्त. दुसरा जिल्हा परिषदेचा: ग्रामसेवक, मग पंचायत समितीत बीडीओ, मग झेडपीचे सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी). जमीन पहिल्या जिन्याची, तर घरपट्टी, पाणीपट्टी, नळ, दिवाबत्ती, झेडपीची शाळा आणि दवाखाना दुसऱ्या जिन्याचे.

तुमचा घोळ आठ या आकड्याने केलाय. आठ अ म्हणजे तलाठ्याकडचा, एका खातेदाराची गावात किती जमीन आहे ते सांगणारा. नुसता नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीचं कर आकारणी रजिस्टर, त्यात तुमचं घर, त्याचं माप आणि घरपट्टी. बँकेला हा पाहिजे होता, यादीत "घराचा नमुना 8" असं लिहिलं असतं तर तुमच्या दोन चकरा वाचल्या असत्या.

आता कलेक्टरचं. मेल टाकलात तर तो तिथून सीईओंकडे, सीईओंकडून बीडीओंकडे आणि बीडीओंकडून "योग्य त्या कार्यवाहीसाठी" त्याच ग्रामसेवकाकडे जाईल. त्यापेक्षा सरळ बीडीओंकडे लेखी द्या आणि पोच घ्या, पोच विसरू नका.

दोन साहेब मुद्दाम ठेवलेत. 1957 च्या बलवंतराय मेहता समितीने कलेक्टरलाच जिल्हा परिषदेचा अध्यक्ष करा असं सुचवलेलं. आपल्याकडे वसंतराव नाईकांच्या समितीने ते मान्य केलं नाही, कलेक्टरला बाहेर ठेवलं, निवडून आलेला अध्यक्ष आणि त्याच्या जोडीला सीईओ असं केलं. 1961 चा कायदा, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा. आमदार खासदारही त्यात सदस्य नाहीत, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.

तरी जिने पूर्ण वेगळे नाहीत बरं का. सरपंचावर अविश्वास आणायचा तर नोटीस तहसीलदाराकडेच द्यावी लागते, आणि जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्री अध्यक्ष असले तरी सदस्य सचिव कलेक्टर.

सातबारा_बाई
नाव बदलायचं मी सांगते, माझ्या सासऱ्यांचं करून झालंय. घर आणि शेत ही दोन वेगळी कामं आहेत, एकाने दुसरं आपोआप होत नाही. शेतासाठी तलाठ्याकडे वारसाचा अर्ज, मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती जोडून, मग फेरफार (नाव बदलाची नोंद) धरतात, नोटीस निघते, 15 दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर सर्कल नोंद मंजूर करतात. तलाठी फक्त धरतो, मंजूर सर्कल करतो, म्हणून तलाठ्याशी भांडून काही उपयोग नसतो. घरासाठी अर्ज ग्रामपंचायतीत, तो मासिक सभेपुढे जातो, ठराव झाला की नमुना 8 ला नाव चढतं. आमचं दोन सभा रेंगाळलं कारण कोरमच झाला नाही, एकदा लग्नसराई आणि एकदा पाऊस.

आणि एक, नमुना 8 हा मालकीचा पुरावा धरत नाहीत, तो कराचा कागद आहे. घर गावठाणात असेल तर त्याला सातबारा नसतोच. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मिळते, ती भूमी अभिलेखकडे, म्हणजे मोजणी ऑफिसात. हो, हे तिसरं ऑफिस, सॉरी 😅

जव्हारचा_पोर
तुमच्याकडे एका रस्त्यावर दोन ऑफिसं म्हणून रडताय, आमच्याकडे 1 ऑगस्ट 2014 च्या आधी जिल्ह्याचं कुठलंही काम म्हटलं की ठाणे, मोखाड्याच्या माणसाने पहाटेची एसटी धरायची आणि साहेब दौऱ्यावर असले की दिवस गेला, मजुरी गेली, भाडं गेलं. पालघर 36 वा जिल्हा झाला तेव्हा आम्हाला मुख्यालय जव्हारला पाहिजे होतं, डोंगराकडच्यांना जवळ पडलं असतं, पण रेल्वेवाल्या पालघरला गेलं. तरी ठाण्यापेक्षा बरं, एवढं मान्य. 1960 ला राज्य झालं तेव्हा 26 जिल्हे होते, आता 36, आणि दर काही वर्षांनी नवीन जिल्ह्यांची यादी व्हॉट्सअपवर फिरते, आमच्या ग्रुपवर तर त्यावर पेढेपण वाटून झालेत 😂

बांद्याची_सून
थोडं अवांतर. माझं माहेर पेडण्याला. गोव्यात मधली पंचायत समितीच नाही, खाली ग्रामपंचायत आणि वर थेट जिल्हा पंचायत. आणि सातबारा म्हटलं की कुणी ओळखत नाही, तिकडे एक-चौदाचा उतारा. लग्नानंतर पहिल्यांदा तलाठी ऑफिसात मी एक-चौदा मागितला तर सगळे माझ्याकडे बघत बसलेले.

वाचतोय_फक्त
सीईओ सीईओ करताय पण मार्च 2022 मध्ये बऱ्याच झेडप्यांची मुदत संपली, त्यानंतर कित्येक वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, सीईओच प्रशासक होते. निवडून आलेला अध्यक्ष तेव्हा कागदावरच होता.

रिटायर्ड_विस्तार_अधिकारी
@वाचतोय_फक्त खरंय, त्यावर मी बोललो तर रात्र होईल.

नाइलाजाने_पुणेकर
सगळ्यांना थँक्यू, विशेषतः काका आणि सातबारा ताई. आज फोन लागला ग्रामसेवकांचा. त्यांच्याकडे दोन गावं आहेत, आमच्याकडे मंगळवार आणि गुरुवार, हे पंचायतीच्या दारावर खडूने लिहिलंय म्हणे, मी दार उघडंच असल्याने मागची बाजू बघितली नाही. आधी थकलेली घरपट्टी भरा मग उतारा देतो म्हणाले. 3 वर्षांची थकलीय. बाबा भरायचे.