कौन्सिलच्या घरातली ओल : तक्रार कुठे, कशी आणि लक्ष कोणाचं

रेडिंग – ताई
नमस्कार मंडळी. आमच्या ब्लॉकमध्ये कौन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) भाड्याच्या चार घरांत बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली आहे. एका घरात दम्याचं मूल आहे. फोन केला की "खिडक्या उघड्या ठेवा" एवढंच उत्तर. आता पुढे काय करायचं ते कोणी क्रमाने सांगेल का? मी त्या घरांना पाठवते.

लुटन – वहिनी
ताई, आता सगळं लेखी करायला सांगा. कौन्सिलच्या वेबसाइटवरचा फॉर्म किंवा ईमेल, आणि जॉब नंबर (दुरुस्तीच्या नोंदीचा क्रमांक) मिळेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये आवाबचा कायदा (कौन्सिल आणि गृहसंस्थांना घरातल्या धोक्यांवर ठरल्या मुदतीत काम करायला लावणारा) लागू आहे आणि त्यातली सगळी मुदत "घरमालकाला कळलं त्या दिवसा"वरून मोजतात. कधी कळलं हे सिद्ध करता आलं नाही, तर मुदत कुठून धरायची यावरच वाद होतो.

मुदती अशा. जिवाला लगेच धोका असेल (गॅसगळती, उघड्या वायरी, दम्याच्या माणसाचा श्वास अडेल इतकी बुरशी) तर २४ तासांत तपासणी आणि घर सुरक्षित करणं. गंभीर ओल-बुरशी असेल तर १० कामाच्या दिवसांत तपासणी. तपासणी संपल्यावर ३ कामाच्या दिवसांत भाडेकरूला लेखी अहवाल : काय सापडलं, काय करणार, कधी करणार. सुरक्षिततेचं काम तपासणीनंतर ५ कामाच्या दिवसांत. मूळ कारण काढायचं मोठं काम तेवढ्यात सुरू होत नसेल तर जास्तीत जास्त १२ आठवड्यांत प्रत्यक्ष सुरू झालं पाहिजे. मुदतीत घर सुरक्षित होत नसेल तर राहण्याची दुसरी सोय कौन्सिलच्या खर्चाने.

शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे धरायचे नाहीत. कळवल्याचा दिवसही धरायचा नाही. म्हणजे सोमवारी कळवलं तर तपासणीचा शेवटचा दिवस दोन आठवड्यांनंतरचा सोमवार.

रेडिंग – ताई
मुलाला दमा आहे हे त्यांना वेगळं सांगावं लागतं का?

लुटन – वहिनी
हो, पहिल्याच ईमेलमध्ये आणि ठळक. धोका गंभीर की तातडीचा, हे त्या घरात कोण राहतं त्यावर ठरतं. वय, आजार, गरोदरपण, सगळं लिहायचं. जीपीचं (आपल्या नेहमीच्या डॉक्टरचं) पत्र मिळालं तर जोडा, पण त्यासाठी तक्रार थांबवू नका. आणखी एक, तपासणी नुसती फोटोवरून किंवा व्हिडिओ कॉलवर केली तर "प्रत्यक्ष येऊन बघा" असं सांगायचा भाडेकरूला हक्क आहे.

लेस्टर – काका
मी तपासणीबद्दल लिहितो, कारण गाडी तिथेच रुळावरून घसरते. ओल मुख्यतः तीन वाटांनी येते आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

१. आतल्या वाफेची ओल. काळे ठिपके, वरचे कोपरे, खिडकीभोवती, कपाटामागे. भिंतीचा तो भाग थंड असतो, हवेतली वाफ तिथे निवते. भिंतीलगतची आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या वर राहिली की पाणी न साचताही बुरशी धरते. खोलीत मोजताना साधारण ४० ते ६० टक्के ठीक. आर्द्रता मोजायचं यंत्र दहा-पंधरा पौंडांत मिळतं. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडे आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा.

२. बाहेरून शिरणारी ओल. तपकिरी कडांचा डाग, पाऊस पडला की वाढणारा. छपराच्या कडेचं तुंबलेलं गटर (पन्हळ), विटांच्या सांध्यातला झडलेला माल, खिडकीच्या चौकटीभोवती सुटलेलं सीलंट. दुहेरी भिंत असेल तर मधल्या पोकळीत पडलेला माल बाहेरचं पाणी आत आणून देतो.

३. नळाची किंवा वरच्या घराची गळती. पावसाशी संबंध नाही, वरच्यांनी आंघोळ केली की डाग ओला.

सर्व्हेअर दोन टोचण्यांचं मीटर प्लास्टरला लावून "इतके टक्के ओल" म्हणाला तर तो आकडा जसाच्या तसा घेऊ नका. ते मीटर लाकडासाठी बनवलेलं असतं. प्लास्टरमध्ये क्षार असले की कोरड्या भिंतीवरही आकडा वर जातो. एकाच भिंतीवर खालपासून वरपर्यंत फूट-फूट अंतराने घेतलेल्या आकड्यांचा चढउतार मात्र उपयोगी पडतो. तो अहवालात मागा.

लेस्टर – काका
आणि पंखा! बाथरूमचा एक्झॉस्ट सेकंदाला १५ लिटर हवा ओढणारा हवा. स्वयंपाकघरात शेगडीजवळ असेल तर ३०, लांब असेल तर ६०. चालू करून जाळीवर टॉयलेट पेपरचा एक पापुद्रा धरा. चिकटून राहिला तर निदान ओढतोय. पडला तर जाळी साफ करा. तरी पडत असेल तर दोष बहुधा नळीत : १०० मिलिमीटरची लवचिक नळी मध्ये झोळ पडून पाण्याने भरलेली, किंवा बाहेरची झडप रंगाने चिकटलेली. दाराखाली साधारण १० मिलिमीटर फट नसेल तर पंखा नवा बसवूनही हवा येणार कुठून? जाड कार्पेट टाकल्यावर ही फट बुजते आणि कोणी बघत नाही.

बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. बुरशीनाशक द्राव लावून, डब्यावर दिलेला वेळ ठेवून, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं फेकायचं. ब्लीचने प्लास्टर नुसतं पांढरं दिसतं, आतली बुरशी राहते. पुसायच्या आधी फोटो, शेजारी मोजपट्टी धरून.

मँचेस्टर – दादा
"खिडक्या उघडा" या उत्तराबद्दल. हाऊसिंग ऑम्बड्समनने (घरमालकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याने) ऑक्टोबर २०२१ मध्ये ओल-बुरशीवर खास अहवाल काढला, त्याचा रोखच हा होता की दोष भाडेकरूच्या राहणीमानावर ढकलू नका. ज्याच्या नावाचा हा कायदा, तो रॉचडेलचा आवाब इशाक दोन वर्षांचा होता, डिसेंबर २०२० मध्ये गेला. वडिलांनी बुरशीची तक्रार २०१७ मध्येच केली होती. पुढे त्यांचं घर ज्या गृहसंस्थेचं होतं तिने मान्य केलं की कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण गृहीत धरलं आणि ते चुकलं. त्या गृहीतकात आंघोळीची पद्धतही होती. आपल्या घरात बादलीने आंघोळ, कुकरच्या शिट्ट्या, हिवाळ्यात आत वाळणारे कपडे असतात. हे बघून अंदाज बांधणारा कोणी आला तर एवढंच म्हणा : "मोजमाप दाखवा, पंखा किती ओढतो ते लिहा."

कपड्यांनी वाफ वाढते हे खरं. एका मशीनभर कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. बाथरूममध्ये दार लावून पंखा चालू ठेवून वाळवा. पण चार घरांत एकाच कोपऱ्यात बुरशी असेल तर कारण इमारतीतच शोधायला हवं. काँक्रीटची स्लॅब बाहेरच्या बाल्कनीपर्यंत सलग गेली असेल, तर तो पट्टा थंडच राहणार.

लेस्टर – काका
बरोबर. चारही घरांनी आपापली तक्रार वेगळी नोंदवा, पण प्रत्येकात बाकी तीन जॉब नंबर लिहा. नाहीतर चार वेळा चार माणसं येऊन चार वेळा रंग मारून जातील.

मँचेस्टर – दादा
रॉचडेलमधला आणखी एक धडा सांगतो. भरपाईचा दावा लागल्यावर त्या संस्थेने वकिलांची संमती मिळेपर्यंत दुरुस्तीच थांबवली होती. "जिंकलो तरच फी" म्हणत दारावर फिरणारे दलाल असतात, त्यांच्या कागदावर सही करण्याआधी दुरुस्तीचा अर्ज आणि औपचारिक तक्रार दोन्ही पुढे गेलेली असू द्या. दावा करायचा हक्क आहेच, फक्त क्रम सांभाळा. आणि दावा चालू असला तरी दुरुस्तीची जबाबदारी थांबत नाही, हे लिहून कळवा.

लुटन – वहिनी
"दुरुस्ती मागितली" आणि "तक्रार केली" या कौन्सिलच्या दप्तरी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत चुकली की ईमेलमध्ये स्पष्ट लिहायचं : "ही स्टेज वन तक्रार म्हणून नोंदवा." पोच ५ कामाच्या दिवसांत, पोच दिल्यापासून १० कामाच्या दिवसांत उत्तर. पटलं नाही तर स्टेज टू : पोच ५ दिवसांत, उत्तर २० दिवसांत. त्यानंतर ऑम्बड्समन, फुकट, शेवटच्या उत्तरापासून १२ महिन्यांच्या आत. मधल्या काळात ते "वेळ वाढवून घेतो" म्हणू शकतात, पण कारण आणि नवी तारीख लेखी द्यावी लागते.

सगळ्यात जास्त प्रकरणं "घरी कोणी नव्हतं" या शेऱ्यावर बंद होतात. कार्ड टाकून गेले असतील आणि तुम्ही घरात असाल, तर त्याच दिवशी कार्डाचा फोटो आणि वेळ लिहून उत्तर द्या. येण्याआधी किमान २४ तास लेखी सूचना देणं हे त्यांचं काम आहे (तातडीची दुरुस्ती सोडून). जॉब बंद झाला की नवा उघडू नका, जुनाच पुन्हा उघडायला सांगा. नव्या नंबराबरोबर त्यांच्या दप्तरी नवी तारीख पडते.

मिल्टन कीन्स – मावशी
आमचा फ्लॅट कौन्सिलच्याच ब्लॉकमध्ये आहे पण आम्ही लीजहोल्डर (लांब मुदतीच्या करारावर फ्लॅट विकत घेतलेले). आम्हालाही हे लागू?

लुटन – वहिनी
नाही मावशी, आवाबचा कायदा भाडेकरूंपुरता आहे. लीजहोल्डरला लीजचा करार बघावा लागतो. भिंत, छप्पर, गटर बहुतेक कौन्सिलकडे, आतलं प्लास्टर बऱ्याचदा तुमच्याकडे. मोठ्या कामात कुणाही एका लीजहोल्डरच्या वाट्याला २५० पौंडांपेक्षा जास्त येणार असेल तर सेक्शन २० ची नोटीस (कामाची आगाऊ सूचना) आणि मत द्यायला ३० दिवस मिळाले पाहिजेत. ती प्रक्रिया पाळली नाही तर सहसा २५० च्या वर वसूल करता येत नाही. ऑम्बड्समनकडे तुम्हीही जाऊ शकता.

रेडिंग – ताई
कौन्सिलच्याच पर्यावरण-आरोग्य खात्याकडे गेलं तर?

मँचेस्टर – दादा
इथेच गोची आहे, ताई. घर हाउसिंग असोसिएशनचं (गृहसंस्थेचं) असेल तर ते खातं २००४ च्या हाउसिंग अॅक्टखाली घरमालकाला सुधारणेची नोटीस काढू शकतं. घर कौन्सिलचं असेल तर कौन्सिल स्वतःवर नोटीस काढू शकत नाही. अधिकारी येऊन धोका नोंदवू शकतो, आणि ती नोंद पुढे कामाची असते, पण बडगा नाही. म्हणून कौन्सिलच्या घरांवर नजर ठेवायला तीन जागा उरतात : ऑम्बड्समन (एका घराची तक्रार), सोशल हाउसिंगचा सरकारी रेग्युलेटर (संपूर्ण घरमालकाचा कारभार) आणि निवडून आलेले नगरसेवक.

रेग्युलेटर एप्रिल २०२४ पासून हजाराच्या वर घरं असलेल्या प्रत्येक घरमालकाची साधारण चार वर्षांतून एकदा तपासणी करतो आणि सी१ ते सी४ असा दर्जा देतो. सी३ आणि सी४ म्हणजे गंभीर उणिवा. तुमच्या कौन्सिलचा दर्जा शोधून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. एका घराचं प्रकरण मात्र ते हाती घेत नाहीत.

मँचेस्टर – दादा
नगरसेवकांबद्दल नीट लिहितो, कारण लोक त्यांच्याकडे फक्त रडगाणं घेऊन जातात. कौन्सिलची स्क्रूटिनी समिती असते, ती कार्यकारी मंडळाच्या कामावर प्रश्न विचारते. तिथे आकडे मागायला लावा. कौन्सिलला दरवर्षी २२ ठरावीक मापांचे निकाल जाहीर करावे लागतात, त्यातलं "ठरल्या वेळेत झालेल्या दुरुस्त्या" हे माप अधिकारी पुढे करतात. ते छान दिसतं, कारण अर्धवट बंद केलेला जॉबही वेळेत झालेला दिसू शकतो. म्हणून प्रश्न असे :

महिनाअखेरीस ओल-बुरशीची किती प्रकरणं उघडी? त्यांतली किती १० कामाचे दिवस उलटूनही तपासणीविना? "घरी कोणी नव्हतं" म्हणून किती बंद? त्याच पत्त्यावरून सहा महिन्यांत पुन्हा तक्रार किती? ३ दिवसांचा लेखी अहवाल किती भाडेकरूंना वेळेत गेला, आणि दुभाषा लागणाऱ्यांना कोणत्या भाषेत?

शेवटचा प्रश्न गाळू नका. भाडेकरूला अहवाल वाचता आला नाही तर तो मिळूनही उपयोग शून्य.

नागरिकांनाही प्रश्न विचारता येतो. किती दिवस आधी द्यायचा ते कौन्सिलच्या संकेतस्थळावर तिच्या नियमावलीत (constitution) असतं. आकडे देत नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज, २० कामाचे दिवस. स्वतःच्या घराची फाइल हवी असेल तर वेगळा अर्ज, एक महिना, फुकट. त्यात कॉल सेंटरने तुमच्याबद्दल काय टिपलं तेही येतं.

रेडिंग – ताई
खूप आभार सगळ्यांचे. पहिल्या ईमेलचा मसुदा कोणी देईल का? इंग्रजीत मी करते.

लुटन – वहिनी
घ्या :
"पत्ता आणि टेनन्सी नंबर. अमुक तारखेपासून बेडरूमच्या उत्तरेच्या भिंतीवर वरच्या कोपऱ्यात सुमारे ६० × ४० सेंटीमीटर काळी बुरशी आहे. घरात सहा वर्षांचं दम्याचं मूल झोपतं. याआधी फोन केल्याच्या तारखा अशा. ही माहिती आवाबच्या कायद्याखाली गंभीर धोक्याची सूचना समजावी. तपासणी प्रत्यक्ष येऊन करावी आणि लेखी अहवाल द्यावा. शेजारच्या घरांचे जॉब नंबर असे. सोबत पाच फोटो आणि आर्द्रतेची नोंद."

माप आणि वय प्रत्येक घराचं आपापलं घाला, माझे आकडे तसेच ठेवू नका.

लेस्टर – काका
भिंत कोणत्या दिशेची तेही तपासून लिहा, फोनमध्ये होकायंत्र असतं. आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून मागचा फोटो नक्की काढा. सर्व्हेअर बऱ्याचदा कपाट हलवत नाहीत.