'पॅरोल'ला 'अभिवचन रजा' म्हणावं का?

मीठभाकर: अमेरिकेत अल्पवयीनांना होणाऱ्या शिक्षांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'मिलर विरुद्ध अलाबामा' (2012) या निकालानुसार, गुन्ह्याच्या वेळी 18 वर्षांखाली असलेल्याला 'लाइफ विदाउट पॅरोल' ही शिक्षा कायद्याने सरसकट लादता येत नाही. त्याचं वय, घरची परिस्थिती आधी पाहावी लागते. मी 'अभिवचन रजेविना जन्मठेप' लिहिलं, संपादकांनी 'पॅरोलशिवाय जन्मठेप' केलं. कुठलं ठेवू?

कोर्टपक्षी: दोन्ही नकोत. 1959 च्या नियमांपासून महाराष्ट्रात फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. दोन्ही रजाच. हमी द्यायची, जामीनदार द्यायचा, ठरल्या दिवशी तुरुंगाच्या दारात हजर व्हायचं. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरतात, अभिवचन रजेचे धरत नाहीत. अमेरिकेतल्या पॅरोलला परतीची तारीखच नसते. पॅरोल मंडळापुढे सुनावणी होते, सुटलेला माणूस उरलेली शिक्षा बाहेर देखरेखीखाली काढतो, अट मोडली तर पुन्हा आत. 'पॅरोलशिवाय' वाचून मराठी माणूस समजेल की पोराला आईच्या अंत्यविधीलाही सोडणार नाहीत. खरा अर्थ असा, की तो तुरुंगातच मरणार.

शिवाय 2016 च्या 'माँटगोमेरी' निकालाने 'मिलर' जुन्या कैद्यांनाही लागू केला आणि राज्यांना मुभा दिली, की नव्याने शिक्षा ठरवण्याऐवजी पॅरोलसाठी पात्र ठरवलं तरी चालेल. तिथे 'रजा' घातलीत तर वाक्य कोसळतं.

गावठाण: मग 'मुदतपूर्व सुटका' घ्या. रुळलेला शब्द आहे.

कोर्टपक्षी: आपल्याकडे ती राज्य सरकार शिक्षेत सूट देऊन करतं. पॅरोल मंडळाचा निर्णय वेगळा, त्यात शिक्षा कमी होत नाही.

शब्दखोड: 'अभिवचन' मात्र टाकाऊ ठरवू नका. फ्रेंचमध्ये 'पारोल' म्हणजे शब्द. युद्धकैदी पुन्हा शस्त्र न धरण्याचा शब्द देऊन सुटत. आपणही 'शब्द देतो'च. फर्लो डच 'फेरलोफ'वरून आला, त्याचा अर्थ रजा. म्हणजे रजा फर्लोत आहे, पॅरोलमध्ये नाही. 'वचनमुक्ती' म्हणा.

मीठभाकर: ऋणमुक्ती म्हणजे ऋणातून सुटका, व्यसनमुक्ती म्हणजे व्यसनातून. वचनमुक्ती म्हणजे दिलेल्या वचनातूनच सुटका होईल की!

शब्दखोड: मान्य. 'वचनबद्ध सुटका' मग.

गावठाण: तुरुंगात आणि कोर्टात सगळे 'पॅरोल'च म्हणतात. लोकांचा शब्द तोडून संस्कृत कशाला चिकटवायचा?

कोर्टपक्षी: कारण त्याच शब्दाचा इथे अर्थ वेगळा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 21 पाहा: मृत्युदंड नाही आणि 'सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप'ही नाही. तेच शब्द उचला. कलम 20 तर अमेरिकी पॅरोलच्या आणखी जवळचं. 16 ते 18 वयात घोर गुन्हा केलेल्या मुलाला 21 पूर्ण होईपर्यंत 'सुरक्षित स्थानी' ठेवतात. मुदत उरली असेल तर बाल न्यायालय त्याच्यात किती फरक पडला ते तपासतं. मग देखरेख नेमून अटींवर सोडतं, नाहीतर उरलेल्या मुदतीसाठी तुरुंगात पाठवतं. म्हणून पॅरोलला 'अटींवर सुटका' म्हणा.

शब्दखोड: 'मुलगा' म्हणताय, पण कायद्यातला शब्द 'विधिसंघर्षग्रस्त बालक' आहे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल. 1986 च्या कायद्यातला 'अपचारी' गेला ते बरंच झालं, पण 'ग्रस्त' कशाला? पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, त्या रांगेत हा?

गावठाण: बातम्यांत 'विधीसंघर्षित' येतं, ते बरं.

मीठभाकर: समासात पहिलं पद मुळात ऱ्हस्व शेवटाचं तत्सम असेल तर ते ऱ्हस्वच राहतं. 'विधिसंघर्षित' लिहा. पण 'ग्रस्त' मला पटतं. 2015 च्या कायद्याचं कलम 3 सांगतं की कलंक लावणारे, आरोप करणारे शब्द मुलासाठी वापरूच नयेत. म्हणून 'अटक' नाही, 'ताब्यात घेणं'. प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का याची चाचपणी, हा 'खटला' नाही, हेही कलम 15 मध्ये लिहिलेलं आहे.

शब्दखोड: तरी बातम्यांत 'अल्पवयीन आरोपीला अटक' येतंच. आधी ते थांबवा, मग 'ग्रस्त'चं पाहू.

गावठाण: आणि 'जन्मठेप'मधली 'ठेप' कुठली? 'येऊन ठेपणे'ची की 'ठेवणे'ची?