नाटकातली नायलॉनची साडी: धुवायची की नाही?

टिकलीवाली:
आमच्या नाट्यमंडळाचं दोन खोल्यांचं संग्रहालय आहे, तिथं मी हौसेनं काम करते. एका जुन्या नटीच्या घरच्यांनी ट्रंक दिली. त्यात मोरपंखी नायलॉनची साडी, साधारण 1960-65 सालची, काठाला टिकल्या, आणि वरचं पोलकं. साडीवर धुळीचे काळपट पट्टे, काही ठिकाणी पिवळेपणा. पोलक्याच्या गळ्याला रंगभूषेचा तेलकट डाग. अध्यक्ष म्हणतात, "अहो, नायलॉनच ना? पावडरीत बुडवा, दोरीवर टाका, तासात वाळेल." मी शहाणपणा करून पोलक्याच्या अस्तरावर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा लावला. अस्तर बोळ्यालाच चिकटून आलं, रुपयाएवढं भोक! आता कशालाच हात लावायला धजत नाही.

धागादोरा:
ताई, अस्तर अ‍ॅसिटेटचं, म्हणजे रेशमासारख्या दिसणाऱ्या एका कृत्रिम कापडाचं असणार. रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन लागलं की ते विरघळतंच, तुमच्या हाताचा दोष नाही. वास घेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट येत असेल तर पोलकं साडीपासून वेगळं ठेवा, ती आम्लाची वाफ शेजारच्या कपड्यालाही लागते.

पाण्याचं म्हणाल तर मला भीती टिकल्यांची आहे. काठ आधीच्या एखाद्या साडीचा उसवून लावलेला असू शकतो, आणि जुन्या टिकल्या जिलेटिनच्या असायच्या. कोमट पाण्यात त्यांची खळ होते. ट्रंकेच्या तळाशी एखादी सुटी पडलेली सापडेल. तिच्यावर ओल्या कापसाचं टोक दोन मिनिटं धरा. चिकट झाली, की धुण्याचा विषय बंद.

पिवळेपणा मळ नव्हे, धागाच बदललाय. तो धुऊन जात नाही.

धुळीला मात्र उपाय आहे. कोरड्या हवेत नायलॉन विजेनं धूळ ओढतं आणि ब्रश घासला की आणखीच. साडी टेबलावर पसरा, वर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, कडा शिवून घेतलेला. व्हॅक्यूम अगदी कमी ओढीवर, नळी जाळीच्या वरूनच. टिकल्यांची बाजू सोडून द्या.

खिडकीतला:
पण नायलॉन तर दणकट! आमच्या काकांचा नायलॉनचा सदरा वीस वर्षं टिकला.

धागादोरा:
वीस वर्षं घालणं वेगळं, शंभर वर्षं ठेवणं वेगळं. नायलॉन 1935 साली ड्यूपॉं या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. रेशीम दोनशे वर्षांनी कसं दिसतं ते आपण पाहिलंय, नायलॉनचं अजून कुणीच पाहिलेलं नाही. शिवाय धुताना शेजारच्या कापडाचा सुटलेला रंगही ते चटकन पिऊन घेतं.

टिकलीवाली:
आणि गळ्याचा डाग?

धागादोरा:
इतकं जुनं तेल धाग्यात मुरून घट्ट झालेलं असतं. ते काढायचं तर आधी कापड नक्की कशाचं, ते इन्फ्रारेड तपासणीनं ठरवावं लागेल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राला विचारून बघा. मी असते तर ठेवला असता. बाई रंग लावून उभ्या राहिल्या याचा तेवढाच पुरावा उरलाय.

टिकलीवाली:
टिकली चिकटली! दीड मिनिटातच. अध्यक्षांना जाळीवरची धूळ दाखवली, तेव्हा गप्प झाले. डाग तसाच, खाली चिठ्ठी लावली. आता विचारताहेत, निदान इस्त्री तरी?

धागादोरा:
नाही.