मदत हवी आहे: ताग डोक्याच्या वर गेलाय, ट्रॅक्टर रानात जाईना

रानगडी:
हिरवळीच्या खतासाठी केलेला ताग डोक्याच्या वर गेला, पिवळी फुलं दिसायला लागलीत. पाऊस उघडायचं नाव घेत नाही. काल ट्रॅक्टर घातला तर बांधाजवळच रुतला. गाडायचा कसा? ५ तारखेच्या आत रान तयार पाहिजे. अनुभव असलेल्यांनीच सांगा, आणि 'घात (वाफसा) येईपर्यंत थांबा' हे सांगू नका.

कृष्णाकाठ:
गाव कुठलं? रान काळं की मुरमाड? क्षेत्र किती? पुढं काय करायचंय? काहीच न सांगता उत्तर कसं द्यायचं राव?

रानगडी:
वाळवा तालुका, काळं रान. पुढं काय म्हणजे? ऊसच की.

खोडवा_पाचवा:
ऊस कुठला पण? पूर्वहंगामी असेल तर ऑक्टोबरपर्यंत निवांत झोपा. आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टची लागण असेल तर घाई खरी. ताग ४५-५० दिवसांत, फूल यायच्या आत गाडायचा असतो. फुलं आली की खोडात वाख (चिवट धागा) धरतो. तसाच रोटर मारला तर पात्यांना गुंडाळतो, मग कोयता घेऊन सोडवत बसायचं.

क्षारपड:
मुळात तागच कशाला केला? धैंचा करायचा, तेही हिरवळीचं खतच. नदीकडच्या रानात पाणी साठतं आणि तागाला साठलेलं पाणी सोसत नाही. धैंचा गुडघाभर पाण्यात उभा राहतो, खारही सोसतो. एकरी २०-२५ किलो बी फोकायचं, विषय संपला.

खोडवा_पाचवा:
अण्णा, त्याचा ताग डोक्याच्या वर गेलाय. न सोसून एवढा वाढला का? प्रश्न वाचत जावा.

रानगडी:
खालच्या अंगाला थोड्या तुकड्यात उगवला नाही, तिथं पांढरं फुटतंय. पण ते राहू द्या. उभ्या तागाचं बोला.

क्षारपड:
बघा! मी काय म्हणत होतो? तिथं जिप्सम टाका आणि पुढच्या वर्षी धैंचा.

मातीपरीक्षण:
थांबा. पांढरं फुटतं म्हणजे क्षार वर आलेत, तिथं आधी निचरा हवा. चर काढा नाहीतर सच्छिद्र पाइप टाका, म्हणजे क्षार धुऊन जातील. जिप्सम चोपण जमिनीला, जिथं सामू (पीएच) साडेआठच्या वर असतो, वाळल्यावर दगडासारखी होते आणि पाणी वरच तुंबतं. चोपणातही चुनखडी जास्त असेल तर जिप्समपेक्षा गंधक बरं. माती तपासल्याशिवाय पोती ओतू नका.

माणदेशी_माणूस:
ट्रॅक्टर रुतेल एवढा पाऊस! आटपाडीकडं पाठवा थोडा. टेंभू योजनेचं पाणी आलं म्हणून बरं चाललंय, नाहीतर आमचा ताग कमरेला लागायच्या आधीच वाळतो.

विनानांगर:
गाडायचाच कशाला? बुडातून कापा आणि तिथंच आडवा पाडा. मुळ्या जमिनीतच कुजतात, त्यांच्या वाटेनं पाणी मुरतं, हवा खेळते. नेरळच्या भडसावळेंच्या एसआरटीत (सगुणा राइस टेक्निक, बिननांगरटीचा भात) भाताची मुळं अशीच जमिनीत ठेवतात. घात आली की फक्त सरीपुरती पट्टी मोकळी करा, बाकीचा ताग वरंब्यावर राहू द्या. तणही दबतं. आमच्याकडं उसात पाचट ठेवतो तसंच हे.

खोडवा_पाचवा:
आणि त्याखाली उंदीर झाले की? शिवाय कापलेला ताग परत फुटतो.

विनानांगर:
उंच कापला तर फुटतो. म्हणून बुडातून म्हटलं. उंदीर गाडलेल्या रानात येत नाहीत का?

कृष्णाकाठ:
भांडा नंतर. रानगडी, आडसालीच ना? कांडी लावणार का रोपं?

रानगडी:
आडसाली. ८६०३२ जातीच्या उसाची रोपं. नर्सरीवाला ५ ला गाडी पाठवतोय, म्हणून तर तारीख सांगितली.

कृष्णाकाठ:
मग अडचण नर्सरीची आहे, तागाची नाही. त्याला आजच फोन करा, आठवडाभर पुढं ढकलायला सांगा. पानांचे शेंडे छाटून ट्रेमध्ये ठेवली तर रोपं तेवढं थांबतात. तोवर ताग कापून घ्या. हिरवा ताग गाडून लगेच त्यावर रोपं मात्र लावू नका. कुजताना रान तापतं, मुळ्या जळतात. गाडल्यावर दोन-तीन आठवडे तरी जावे लागतात आणि तेवढे तुमच्याकडं नाहीत. वर पसरलेल्या तागाला ही भीती नाही.

मातीपरीक्षण:
एक भर घालतो. फुलातला ताग निबर असतो. मातीत मिसळला तर कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलाच नत्र ओढतात, ऊस महिनाभर पिवळा दिसतो. मग लोक म्हणतात हिरवळीच्या खतानं काही झालं नाही. सरी सोडताना थोडाफार मिसळणारच, तेव्हा लागणीच्या खताच्या डोसात युरियाला हात आखडू नका. तागाचा नत्र पिकाला नंतर मिळतो.

हळदवाला:
हळदीच्या बेडवर मधे ताग टोकला तर चालेल का?

क्षारपड:
धैंचा टोका.

गावगप्पा:
ताग सोडा, यंदा कारखाना दर काय देणार ते बोला. २०१९ आणि २०२१ ला पुरात ऊस बुडाला तेव्हा कुणी विचारलं? नोंद लवकर घाला, उशिरा लावलेल्याला तोड उशिरा.

रानगडी:
नर्सरीवाला कुरकुरला, पण १२ पर्यंत थांबतो म्हणाला. ग्रास कटरवाला मिळालाय. दोरी लावून आणू म्हणतोय, चालेल?

विनानांगर:
दोरी नको, वाख गुंडाळून मशीन बंद पडेल. लोखंडी पातं लावायला सांगा आणि बांधाकडून एकाच दिशेनं पाडत न्या. आडवा-उभा पडला तर सरी सोडताना फाळात अडकतो.

कृष्णाकाठ:
क्षेत्र किती ते अजून सांगितलं नाही. त्यावर एक मशीन पुरतंय का दोन ते ठरेल.

रानगडी:
सव्वादोन एकर.

कृष्णाकाठ:
मग दोन मशीन लावा.