आजीच्या घरातलं सानं (छतातला झरोका) आठवलं... घरात हवा खेळती राहावी म्हणून तुम्ही काय केलंत?

माणदेशी_लेक
परवा गावी गेले होते, माणमध्ये. काका जुनं माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं घर उतरवतायत. माजघरात उभं राहून वर बघितलं तर सान्याच्या जागी ती फरशी अजून तशीच. लहानपणी आजीनं चूल पेटवली की धूर त्या सान्यातनं वर जायचा आणि उन्हाचा कवडसा खाली यायचा, धुरात तो अगदी दांडा उभा केल्यासारखा दिसायचा, मी हात घालून धरायला बघायचे. मग पावसात गळतं म्हणून आजोबांनी वर फरशी टाकून सिमेंट मारलं. चूल तीच, माजघर तेच. त्यानंतर आजीचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही, आणि आमच्यापैकी कुणी या दोन गोष्टी जोडल्या नाहीत.

आता साताऱ्यात फ्लॅटमध्ये राहतो. लेक सहा वर्षांची, रात्री दोन-तीन वाजता खोकत उठते. डॉक्टरांनी औषध देण्याआधी विचारलं, झोपायच्या खोलीची खिडकी रात्री उघडी असते का? नसते. डास येतात म्हणून बंद, आणि आत कॉइल. तेव्हापासून आजी डोळ्यांपुढून हलत नाहीये. तुमचे अनुभव सांगा, काय केलंत, कशाचा उपयोग झाला.

कृष्णाकाठ
ताई आधी कॉइल फेकून द्या. एका कॉइलच्या धुरातनं जेवढे बारीक कण निघतात तेवढ्यासाठी ७५ ते १३७ सिगारेटी लागतील असं वाचलंय, आणि ते बंद खोलीत पोरांच्या उशाशी. खिडकीला नायलॉनची जाळी, कॉटला मच्छरदाणी, झालं.

आता आमचं. सांगलीत २०१९ चा पूर, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, आमच्या तळमजल्यात छातीएवढं. पाणी उतरल्यावर दिवाळीच्या आत घर नीट दिसावं म्हणून घाईघाईत पुट्टी आणि ऑइलपेंट मारून घेतला. तीच मोठी चूक. भिंत आतनं ओलीच होती, पेंटनं ती ओल कोंडून टाकली. पुढच्या पावसाळ्यात पोपडे, कपाटामागं काळी बुरशी, उशा-गाद्यांना कुबट वास, आईचा दमा वाढला. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्यानं सांगितलं, प्लास्टर छातीपर्यंत टोचून काढा, उन्हाळाभर भिंत उघडी ठेवा, मग चुना मारा, चुन्यातनं भिंत श्वास घेते. तसंच केलं. आता कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब. बुरशी परत आली नाही.

माणदेशी_लेक
छातीएवढं पाणी... वाचूनच कसंतरी झालं. आई आता कशा आहेत?

कृष्णाकाठ
बऱ्या आहेत. सकाळी घाटावर फिरून येतात.

चटणीभाकर
मी पटकन लिहिते, कुकर लावलाय. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवला पण मिरच्या भाजल्या की अख्खा मजला खोकायचा 😄 फॅन जोरात फिरतोय आणि धूर जागचा हलेना. दीर म्हणाले वहिनी, दार-खिडक्या सगळं लावून घेतलंय, फॅननं बाहेर टाकायची हवा आत येणार कुठनं? समोरच्या बाल्कनीचं दार चार बोटं उघडलं आणि उदबत्ती धरून बघितलं, धूर आडवा होऊन सरळ फॅनकडं! आता रोज दार उघडते, मग फॅन, मग गॅस, आणि स्वयंपाक झाल्यावरही पाच-दहा मिनिटं फॅन चालू ठेवते. अजून एक, चिमणी घेणार असाल तर पाइप भिंतीबाहेर काढणारीच घ्या, बिनपाइपची असते ती तेल-वास थोडा गाळून तीच हवा परत घरात सोडते.

तासगावचा_मी
हे वाचून आमची बेदाण्याची शेड आठवली. वारा आरपार जाईल अशीच शेड उभारतात, जाळीच्या कप्प्यांवर द्राक्षं, सावलीत, नुसत्या हवेवर वाळतात. वारा अडला की माल काळा पडलाच. आणि घर बांधताना मात्र आम्ही एकाच भिंतीला दोन खिडक्या दिल्या, समोरच्या भिंतीला एकही नाही! वारा एकीकडनं आला तर दुसरीकडनं जायला वाट पाहिजे ना. गेल्या वर्षी भिंत फोडून वरच्या अंगाला झरोका काढला, गरम हवा वरच चढते, ती तिथनं निघून जाते. उन्हाळ्यात लगेच फरक कळला.

चटणीभाकर
दादा बेदाणे काय भाव आहेत यंदा? पाहुण्यांकडं लग्न आहे.

तासगावचा_मी
व्यक्तिगत निरोप पाठवतो.

थंडीतला_सातारी
हे कृपया सगळ्यांनी वाचा. माझा मावसभाऊ गॅस गिझरच्या बाथरूममध्ये पडला. जानेवारी, थंडी, वरची खिडकी पुठ्ठा लावून बंद केलेली. मामींना पाण्याचा आवाज येत राहिला आणि हाकेला ओ मिळेना, दार तोडलं म्हणून वाचला. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, रक्तात प्राणवायूची जागाच तो घेतो, माणसाला नुसती चक्कर आल्यासारखं होतं आणि पाय गळतात. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्या. पुठ्ठा असेल तर आजच काढा.

माणदेशी_लेक
आईकडं तसलाच गिझर आहे. आत्ता फोन करते.

हळदीचा_गाव
खिडक्या उघडायच्या पण कधी ते पण बघा. आमच्याकडं सीझनला उसाचं पाचट पेटवतात, संध्याकाळी खिडकी उघडी राहिली तर पांढऱ्या चादरीवर काळी काजळी. आम्ही तेव्हा बंद करतो आणि धूर विरल्यावर, उन्हं वर आली की उघडतो. पावसाळ्यात पण दिवसभर उघडं ठेवून ओल कमी होत नाही, बाहेरचीच हवा दमट. उघडीप पडली की तेवढा वेळ सगळं सताड. कपडे मात्र घरात वाळवू नका, ते सगळं पाणी भिंतीच पितात.

नवीन_सभासद
हवा शुद्ध व्हायला मनी प्लांट लावले तर चालेल का? घरात आठ रोपं आहेत.

कृष्णाकाठ
लावा की, छान दिसतात. पण हवा त्यांच्या भरवशावर सोडू नका. झाडं घरातली हवा शुद्ध करतात असं ज्यावरनं म्हणतात तो नासाचा १९८९ चा प्रयोग छोट्या बंद पेटीतला होता, घर एवढं मोठं, कुंड्या पुरणार नाहीत. खिडकीच.

माणदेशी_लेक
आईशी बोलले. गिझर बाथरूममध्येच आहे, दादा उद्या माणूस घेऊन जातोय, तोवर चुलीवर पाणी तापवणार आहे, परसात. इकडं जाळीवाला येऊन माप घेऊन गेला. आज मच्छरदाणी लावून खिडकी उघडी टाकून झोपवलंय. उदबत्ती पण धरून बघितली, खोलीचं दार उघडं ठेवलं तरच धूर हलतो, लावलं की तिथंच घुटमळतो, म्हणून दाराला उशी लावून ठेवलीय. पावणेतीन वाजलेत. अजून खोकली नाही.