दगडी कातडीचा राक्षस: डॅमेज निम्मे करावे की ठरावीक आकडा वजा करावा?

प्रश्न

मी स्वतःची एक टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रे रंगवण्याचा खेळ) लिहीत आहे आणि डॅमेज रेझिस्टन्सच्या, म्हणजे वाराने होणारी इजा (डॅमेज) कमी करण्याच्या, नियमापाशी अडले आहे. दगडी कातडीच्या राक्षसापुढे खंजीर फारसा चालत नाही हे खेळाडूंना जाणवावे, पण खंजीरवाल्याची पाळी अगदीच वाया जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे डॅमेज निम्मे करावे, की 'गर्प्स' या दुसऱ्या गेमप्रमाणे प्रत्येक वारातून ठरावीक आकडा वजा करावा?

उत्तर १

आधी हिशेब करून पाहावा, कारण या दोन नियमांतला फरक वाचताना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. समजा, पहिला योद्धा एका फेरीत दोन वार करतो आणि प्रत्येक वाराचे डॅमेज सहा बाजूंचा एक फासा अधिक ३, म्हणजे सरासरी ६.५ आहे, दुसरा एकच वार करतो, पण त्याचे डॅमेज दोन फासे अधिक ६, म्हणजे सरासरी १३ आहे. रेझिस्टन्स नसताना आणि सगळे वार लागले असे धरल्यास दोघे बरोबरीचे ठरतात. डॅमेज निम्मे करून अपूर्णांक सोडून दिला, तर पहिल्याचे फेरीमागे ६ आणि दुसऱ्याचे ६.२५ उरते. त्याऐवजी प्रत्येक वारातून ५ वजा केले, तर पहिल्याचे जेमतेम ३.३ उरते आणि दुसऱ्याचे ८. म्हणजे वजाबाकी छोट्या वारांवर उघड अन्याय करते. दगडाच्या बाबतीत मला तो अन्याय योग्यच वाटतो.

'गर्प्स'मधली आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे आधी चिलखताचा आकडा वजा होतो आणि मग उरलेल्या डॅमेजला शस्त्राच्या प्रकाराप्रमाणे गुणले जाते: कापणाऱ्या शस्त्राला दीडपट, भोसकणाऱ्याला दुप्पट. त्यामुळे वार आत शिरला का आणि शिरल्यावर जखम किती झाली, हे दोन प्रश्न वेगळे राहतात.

उत्तर २

वरील हिशेब बरोबर आहे, तरी वजाबाकीचा आकडा मोठा झाला की काय होते हे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीत दिसले आहे. २००० सालच्या त्या नियमांत चांदीचे किंवा जादूचे शस्त्र नसेल, तर लांडगा-मानवावरच्या प्रत्येक वारातून १५ वजा होत असत; २००३ च्या सुधारित आवृत्तीत तो आकडा १० वर आणावा लागला. योग्य धातूचे शस्त्र जवळ नसणाऱ्याला लढाईत जवळपास काहीच करता येत नसे, म्हणून खेळाडू प्रत्येक धातूचे एकेक शस्त्र बाळगू लागत.

निम्मे करण्याचा नियम सौम्य आहे, परंतु त्यातही एक उणीव आहे. सगळ्यांच्याच शस्त्रांना रेझिस्टन्स असेल, तर राक्षसाचे हिट पॉइंट (तो किती डॅमेज सोसू शकतो तो आकडा) दुप्पट केल्यासारखे होते आणि लढाई केवळ लांबते. दोन्ही नियम एकत्र वापरणार असाल, तर क्रम मात्र स्पष्ट लिहावा. १७ डॅमेजमधून ३ वजा करून मग निम्मे केले तर ७ उरते, आधी निम्मे केले तर ५.

उत्तर ३

वजाबाकीचा आकडा स्थिर असायला हवा असे नाही. चिलखताचा आकडा ४ असेल, तर चार बाजूंच्या फाशाचा खंजीर त्यातून कधीच पार होणार नाही. चिलखतासाठी सहा बाजूंचा फासा टाकला, तर तोच खंजीर चारांतून एकदा पार होतो. अर्थात प्रत्येक वाराला एक फासा वाढतो, आणि मोठ्या लढाईत हे ओझे गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, जाणवते.

मला स्वतःला 'सायबरपंक रेड' या गेमचा मार्ग अधिक पटतो. तिथे वार चिलखत भेदून आत गेला की चिलखताचा आकडा १ ने घटतो. आपल्या राक्षसाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की कातडीला तडे जात राहतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या उत्तरातला चिलखताचा आकडा घटण्याचा नियम मी पहिल्या उत्तरातल्या दोन योद्ध्यांना लावून पाहिला. मोठा वार करणाऱ्याचे किमान डॅमेज ८ असल्याने त्याचा लागलेला प्रत्येक वार कातडी भेदतोच. त्याच्या दोन वारांनी कातडी ५ वरून ३ वर आली, की त्याची स्वतःची सरासरी ८ वरून १० होते, परंतु दोन छोटे वार करणाऱ्याची ३.३ वरून थेट ७ होते. म्हणजे मोठा वार करणाऱ्या गदावाल्याने तडे पाडायचे आणि छोटे वार करणाऱ्या खंजीरवाल्याने त्यांत घुसायचे, अशी कामाची वाटणी वेगळा नियम न लिहिता होते. आरंभीचा आकडा ५ ठेवून हाच नियम मी लिहायला घेत आहे.