मदत हवी आहे: स्लाइड फिल्म वर्षभराची एकदम घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळच्या एका सड्याचे (कातळी पठाराचे) फोटो वर्षभर एकाच जागेवरून काढायचं मनात आहे. मे महिन्यातला काळा कातळ, श्रावण-भाद्रपदातली फुलं, नंतर वाळलेलं गवत. सगळं ३५ मिमी स्लाइडवर, कारण घरचा प्रोजेक्टर अजून ठणठणीत आहे (डिजिटल का नाही, हा वाद इथे नको, प्लीज). पडद्यावर लागोपाठ बघताना फरक ऋतूचा दिसावा, फिल्मचा नाही, एवढीच अट.

स्लाइड फिल्मपैकी वेल्व्हिया ५० बाद केली. तिच्यावर सीतेची आसवं (सड्यावरची जांभळी फुलं) आहेत त्याहून भडक येतील, आणि ढगाळ वाऱ्यात ५० आयएसओ, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील फिल्म; शटर जास्त वेळ उघडं राहून फुलं हललीच. उरल्या प्रोव्हिया १००एफ आणि कोडॅकची ई१००. माझा कल प्रोव्हियाकडे.

खोक्यावर इमल्शन नंबर (फिल्म कुठल्या घाण्यातली, त्याचा नंबर) असतो, तो एकच बघून सगळे रोल घेणार. पण ठेवू कुठे? पावसात आमच्याकडे लाइट गेली की कधी कधी रात्रभर येत नाही. फ्रीझरमध्ये सारखं गोठणं-वितळणं होण्यापेक्षा खालचा फ्रिज बरा का?

दुसरं, काढलेले रोल साठवून मुंबईला एकदमच धुवायला पाठवले तर सगळ्यांचं प्रोसेसिंग सारखं होईल ना?

प्रतिसाद १:
मुदत वर्षभराच्या पुढची असेल तर फ्रिज पुरे. डब्या न उघडता हवाबंद डब्यात ठेवा. वापरायच्या आदल्या रात्रीच बाहेर काढा. गार डबी लगेच उघडलीत तर कोकणातल्या दमट हवेत फिल्मवर पाणी धरेल.

काढलेले रोल मात्र अजिबात साठवू नका. न धुतलेली प्रतिमा हळूहळू बदलते, तेही रंगांच्या तिन्ही थरांत सारखी नाही, म्हणजे एखादी छटा चढते. तुम्हाला नेमकं तेच टाळायचंय. ई-६ मध्ये (स्लाइड धुण्याच्या प्रक्रियेत) पहिला डेव्हलपर, म्हणजे पहिलं रसायन, ३८ अंशांना साधारण ६ मिनिटं असतो. तिथे तापमान घसरलं की स्लाइड काळपट. म्हणून लॅब एकच ठेवा, आणि प्रत्येक रोलची पहिली फ्रेम उन्हात धरलेल्या राखाडी कार्डाची घ्या. लॅबमुळे फरक पडला तर तिथे लगेच कळेल.

कॅमेरा कोणता आहे? जुना मेकॅनिकल असेल तर आधी शटरचे वेग तपासून घ्या. निगेटिव्हवर खपून जातं, स्लाइडवर अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरकसुद्धा दिसतो.